मक्यातली किंकाळी

दोन हजार तेवीस साली मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो. त्या दिवाळीत माझ्या घरात मोबाईलवरच्या एका गेमवरून जो गोंधळ झाला, तो आमच्या वस्तीवर अजून चुकीचा सांगितला जातो. कोण म्हणतं पोरीला झपाटलं होतं, कोण म्हणतं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं होतं. म्हणून मीच लिहायला बसलो आहे. मी चौथी शिकलो. पण डोळ्यांनी बघितलेलं सांगायला चौथी पुरते.

आमची वस्ती कराडकडून पाटणला जाताना डाव्या अंगाला आत आहे. खाली ऊस, वर डोंगराला लागून माझा मका. त्या साली पाऊस लांबला, पेरणी लांबली, त्यामुळं दिवाळी आली तरी कणसं दाण्यात होती. दाण्यातल्या मक्याचा वास रानडुकरांना कुठून लागतो कोण जाणे, पण कळप डोंगरावरनं सरळ खाली येतो. खातात थोडं आणि लोळवतात फार.

राखणीसाठी मी शेताच्या मधोमध माळा बांधला होता आणि त्याच्या खांबाला भोंगा. हे भोंगे कराडच्या बाजारात मिळतात. त्याला एक लाल बटण असतं. ते दाबून धरायचं आणि तोंडानं काय ओरडायचं ते ओरडायचं. मग बटण सोडलं की तेच ओरडणं रात्रभर वाजत राहतं. मी त्यात माझा आवाज भरला होता. माझा आवाज तरुणपणी नदीच्या पलीकडं ऐकू जायचा, हे खरं आहे, विचारा कुणालाही. आदल्या वर्षी त्या आवाजावर डुकरं फिरकली नाहीत. या वर्षी मात्र एके सकाळी जाऊन बघतो तर माळ्याच्या बरोबर खाली मका झोपवलेला, मधे डुकरांनी अंग टाकल्याचा खळगा, आणि वर माझा आवाज चालूच.

माझी नात सोबत होती. तेरा वर्षांची, आठवीत. ती त्या खळग्याकडं बघून म्हणाली, "आबा, तुमचा आवाज ऐकून त्यास्नी झोप लागती."

"गप बस," मी म्हणालो.

ही पोरगी रोज संध्याकाळी माझ्याबरोबर मक्यात यायची. माझा गुडघा माळ्यावर चढू देत नाही, त्यामुळं भोंगा चालू करायचं काम तिचं. म्हातारी गेल्यापासून घरात माझ्याशी तोंड वर करून भांडणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं. माझा पोरगा फौजेतनं हवालदार होऊन आला, आता कराडात एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा असतो. तो घरी बोलतो ते हुकमासारखं. सून भली आहे, पण तिला शेजारी काय म्हणतील याची काळजी स्वयंपाकापेक्षा जास्त.

पाडव्याची संध्याकाळ होती. दिवे लागायची वेळ. मी गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होतो आणि वरनं किंकाळी आली. बाईची. मग काहीतरी लाकडासारखं तोडल्याचा आवाज. मग परत किंकाळी, पहिल्यापेक्षा लांब.

आमच्याकडं असा आवाज आला की कुणी कुणाला विचारत नाही. बिबट्या उसात कायमचा राहायला आलेला आहे. महिन्याभरापूर्वी शेजारच्या वस्तीवरनं त्यानं गोठ्यातलं वासरू नेलं होतं. ऊस तोडायला आलेल्या लोकांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, आमच्या उसाच्या कडेलाच, आणि त्यांची लेकरं बांधावर बसलेली. त्यामुळं किंकाळी आली की जो जिथं आहे तिथनं हाताला लागेल ते घेऊन पळतो. पोरगा कुऱ्हाड घेऊन पळाला. मी काठी आणि बॅटरी घेऊन मागनं. वस्तीवरचे झाडून सगळे निघाले. खालनं तोडकऱ्यांपैकी एक बाई आमच्याही पुढं गेली. तिचं पोरगं पाटाकडं गेलेलं होतं. ती अनवाणी होती, हातात कोयता, आणि नुकत्याच तोडलेल्या फडातनं, उसाच्या खोडक्या भाल्यासारख्या वर आलेल्या, त्यातनं ती सरळ पळत होती.

मक्यात पोचलो तर बिबट्या नाही, रक्त नाही, बाई नाही. माळ्यावर माझी नात मांडी घालून बसलेली. हातात मोबाईल. आणि माझ्या भोंग्यातनं ती किंकाळी सुरू.

तिनं खाली बघितलं. काठ्या, कुऱ्हाडी, कोयते, बॅटऱ्या. एवढी माणसं बघून तिला काहीतरी बोलावं असं वाटलं असणार. ती म्हणाली, "आबा, डुकरं पळाली."

यापेक्षा वाईट काही बोलता आलं असतं असं मला वाटत नाही.

पोरगा माळ्यावर चढला. त्याला बंद करायचं बटण सापडेना, म्हणून त्यानं वायरच उपटली. मग शांत झालं आणि त्या शांततेत माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कुणी हसलं, कुणी शिवी दिली. तोडकऱ्यांची ती बाई बांधावर बसली होती. तिच्या तळव्यातनं रक्त येत होतं. तिचं पोरगं मागनं, पाटावरनं भिजून, काय झालं म्हणत आलं. तिनं त्याला मारलं नाही, जवळ घेतलं नाही. ती मला म्हणाली, "आबा, एक सांगा. पुन्हा असं आरडलं तर आमी पळायचं का नाही पळायचं?"

तिनं हे भांडायला म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी म्हणालो, "घरी जावा, पायाला हळद लावा." उत्तर मला सुचलं नाही, आणि न सुचल्याचा राग मला घरापर्यंत पुरला.

घरी आल्यावर सगळं बाहेर पडलं. पोरगी मोबाईलवर कसला तरी भुताचा गेम खेळते. त्यातल्या किंकाळ्या तिनं लाल बटण दाबून, मोबाईल भोंग्याला टेकवून भरल्या होत्या. माझ्या आवाजाला डुकरं भीत नाहीत म्हणून. हे कुणी नीट ऐकूनच घेतलं नाही. पोरग्यानं मोबाईल हातात घेतला आणि म्हणाला, "दाखव मला काय खेळतीस ते."

तिनं दाखवलं. एक पडका दवाखाना, अंधार, भिंतीवर रक्ताचे हात, आणि केस सोडलेली एक बाई कुऱ्हाड घेऊन मागं लागते. गेममधल्या त्या बाईनं पहिला घाव घातला तसा माझा पोरगा उठून बाहेर अंगणात गेला. हा सीमेवर राहून आलेला माणूस. सुनेनं पदर तोंडाला लावला. "आवं, हे आपल्या पोरीच्या उशाला असतंय," ती म्हणाली. तो बाहेरनंच म्हणाला, "बंद करा ते आधी."

मोबाईल कुलपात गेला. पण सकाळी शेजारचे एकेक जण यायला लागले. "बघू तरी काय हाय ते." मग कुलपातनं मोबाईल परत बाहेर आला. चांगली मिशावाली माणसं आमच्या ओसरीवर डोक्याला डोकी लावून बसली आणि पोरीला विचारायला लागली, आता कुठं जायचं, ते दार उघड की. ज्यानं आदल्या संध्याकाळी सगळ्यात मोठ्यानं शिवी दिली होती त्यानंच दोनदा खेळून बघितलं. आणि उठताना पोरग्याला म्हणाला, "लय वंगाळ हाय गड्या. पोरीच्या जातीला असलं शोभत न्हाई."

मी म्हणालो, "मग तुला शोभतंय व्हय रं?"

"आबा, आमी बघितलं म्हणून सांगतुय."

ते गेल्यावर सून पोरीला घेऊन खालच्या वाडीतल्या अंगारा देणाऱ्या बाईकडं जाऊन आली. पोरीच्या कपाळाला अंगारा, गळ्यात काळा दोरा, उंबऱ्याला लिंबू. मी विचारलं, "गेम काढला का न्हाई मोबाईलमधनं?"

"तेवढं राहिलंच की," सून म्हणाली.

अशी ही माणसं. पोरीला झपाटलं म्हणून लिंबू बांधतील, पण झपाटणारं जिथं आहे तिथं बोट लावणार नाहीत. ऊसतोडीच्या त्या बाईच्या पायाला काय झालं हे विचारायला एक जण खाली कोपीवर गेला नाही. पोरग्यानं विचारलं काय, तर असलं खेळताना तुला लाज कशी वाटली न्हाई. सुनेनं विचारलं, रातचं भ्या वाटतं का. पोरगी दोघांनाही काही बोलेना.

दुपारी मी तिला गोठ्यात गाठलं. "दाव मला ते."

"मोबाईल कुलपात हाय."

"मग तोंडानं सांग."

तिनं सांगितलं. दवाखान्यात खोल्या आहेत, प्रत्येक खोलीला दार, किल्ल्या शोधायच्या आणि बाहेर पडायचं. बाई मागं लागते.

"ती बाई का मारती?"

"माहीत न्हाई आबा."

"आन् तू दिसंल ते दार का उघडतीस? आत ती आसंल हे कळतंय न्हवं?"

"उघडलं न्हाई तर पुढं जाता येत न्हाई."

"मग जाऊ नये माणसानं पुढं."

ती हसली. मग म्हशीच्या शिंगाला हात लावत म्हणाली, "शाळंतनं येताना उसातनं यावं लागतंय न्हवं, तवा मी सायकल लय जोरात मारती. मागं बघत न्हाई. गेममधी मागं बघता येतं. भ्या वाटलं की हितं बटण हाय, बंद करायला."

तरी मला तो गेम आवडला नाही, आजही नाही. असली घाण करून लेकरांच्या हातात देणाऱ्याला उसात एक संध्याकाळ उभा केला पाहिजे. पण पोरगी काय सांगते आहे ते मला कळलं, आणि हे तिच्या आईबापाला सांगावं तर ते दोघं लिंबू आणि हुकूम यातनं मोकळे नव्हते.

संध्याकाळी भाऊबीजेला सुनेचा भाऊ आला, सांगलीहून, गाडी घेऊन. बायको, पोरगा, मिठाई. शहाणा माणूस आहे, निदान त्याचं तसं म्हणणं आहे. सगळं ऐकून तो म्हणाला, "ताई, हिला सांगलीत घाल. आमच्या जवळच मुलींचं वसतिगृह आहे, ओळखीचं आहे, सुट्टी संपली की दुसऱ्या सत्रात घेतील. शिस्त लागंल. उद्या सकाळी माझ्याबरोबरच येऊ दे."

माझ्या पोराला शिस्त हा शब्द ऐकल्यावर दुसरं काही ऐकू येत नाही. तो लगेच तयार. सून डोळे पुसत तयार. पोरगी स्वयंपाकघराच्या दारात उभी, गळ्यात काळा दोरा.

मी म्हणालो, "हिच्या मोबाईलमधी गेम कुणी घातला ते विचारलं का कुणी?"

कुणी विचारलं नव्हतं. मी काठीनं कोपऱ्याकडं दाखवलं. मामाचा पोरगा भिंतीला टेकून, मांडीवर चकल्यांची ताटली, मोबाईलमधे डोकं. मी उठून बघितलं. तोच दवाखाना, तीच बाई. मे महिन्यात पोरगी सांगलीला गेली होती तेव्हा यानंच तिला तो दिला होता.

मामा म्हणाला, "त्याचं वेगळं आहे आबा. तो अभ्यास सांभाळून खेळतो."

"मग हिला हितं अभ्यास सांभाळून खेळू दे की. सांगलीला न्हिऊन काय करणार?"

"आबा," माझा पोरगा म्हणाला, "तुमी ह्यात पडू नका. गावात तोंड दाखवायची सोय ठिवली न्हाई तिनं. माझी पोरगी हाय."

"आन् भोंगा माझा हाय," मी म्हणालो. ह्याला काही अर्थ नव्हता हे मलाही कळत होतं, पण बोलून गेलो. "पोरीला धाडायचं तर मला इचारून धाडायचं. ह्या घरात अजून मी जित्ता हाय."

"तुमाला इचारलं तर तुमी न्हाईच म्हणणार."

"म्हणूनच इचारायचं."

सून म्हणाली, "आबा, तिच्या भल्यासाठीच की वो." मी ताट सरकवलं आणि उठलो. जेवलो नाही. घरात कुणी समजूत घालायला आलं नाही. एकटी पोरगी लाडू घेऊन आली आणि म्हणाली, "खावा. उपाशी राहून डुकरं पळत न्हाईत." तिचा आवाज रडून बसलेला होता. मी लाडू खाल्ला. दिवाळीच्या गडबडीत तिच्या आईनं बॅग भरायला घेतल्याचा आवाज येत होता. आपल्याला ही पोरगी घरात पाहिजे, एवढं साधं वाक्य मला त्या सगळ्यांसमोर म्हणता आलं असतं. ते मी म्हणालो नाही. मी कुणापुढं मागायला शिकलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताना मी पोरीला उठवलं. "चल." बॅग गाडीच्या डिकीत गेलेली होती. मामा आंघोळीला बसला होता.

आधी खाली कोप्यांवर गेलो. ती बाई चूल पेटवत होती, पायाला फडकं बांधलेलं. दुखरा पाय आखडून बसली होती. मी पोरीला म्हणालो, "ह्यांनी परवा मला एक इचारलं होतं. त्याचं उत्तर तुझ्याकडं हाय. तू दे." आणि मी बाजूला दगडावर जाऊन बसलो.

पोरगी चुलीपाशी जाऊन उकिडवी बसली. मग म्हणाली, "काकू, तो आवाज मी आता पुसणार हाय. परत कवा किंकाळी आली तर ती खरीच. तवा पळा."

बाईनं चुलीत एक काटकी सारली. "मोबाईलमधी असलं काय बघतीस गं," ती म्हणाली. "आमी हितं रोज बघतो." मग चुलीवरचा चहा तिनं एका पेल्यात ओतून पोरीला दिला. मलाही दिला. "पळंन," ती म्हणाली.

तिथनं मक्यात. वाटेत बांध बघितला. परवाच्या किंकाळीनंतर डुकरांचा एक खूर आत आलेला नव्हता. ते मी पोरीला सांगितलं नाही, तिनंच बघितलं आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "वर चढ, वायर जोड."

ती चढली. मीही चढलो. गुडघा काय म्हणाला ते मी इथं लिहीत नाही. तिनं वायर जोडली, किंकाळी पुसली. मी घसा साफ केला.

"तुमचा नको आबा. त्यास्नी त्यो वळखीचा झालाय."

"मग कुणाचा? तुझा?"

"माझा बारीक हाय."

तेवढ्यात खालनं बांधावरनं माझा पोरगा येताना दिसला, बँकेच्या कपड्यात, ढांगा टाकत. तोंड उघडायच्या आधीच त्याचं सगळं अंग ओरडत होतं. मी भोंग्याचं लाल बटण दाबून धरलं. पोरीनं माझ्या हाताकडं बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

"खाली उतर," तो ओरडला. "खाली उतर म्हणतो न्हवं! गाडी लावून माणूस उभा हाय आन् तुमचं वर काय चाललंय? एकदा सांगून कळत न्हाई? पाय मोडून हातात दीन!"

मी बटण सोडलं. भोंगा क्षणभर खरखरला आणि मग माझ्या पोराचा आवाज साऱ्या मक्यावर पसरला, त्याच्या खऱ्या आवाजाच्या दुप्पट. खाली उतर. खाली उतर म्हणतो न्हवं. शेवटाला पाय मोडून हातात दीन. मग परत पहिल्यापासून. डोंगराच्या अंगाला, वर चिंचेखाली, काहीतरी काळं धडपडत पळालं. ते आम्ही तिघांनीही बघितलं.

पोरगा खाली उभा राहून स्वतःचं ओरडणं ऐकत होता. दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकलं. पोरगी वर माझ्या मागं सरकून बसली होती. खाली कोप्यांकडनं बायकांचं हसणं आलं.

"असं वरडतो व्हय मी?" तो म्हणाला. कुणालाच म्हणाला नाही तो.

भोंग्यानं चौथ्यांदा पाय मोडायची धमकी दिली.

मग तो माळ्याला हात लावून वर बघत म्हणाला, "मधीच आवाज फाटलाय. काढा ते. परत घेऊ." आणि चढून वर आला. आम्ही तिघं त्या माळ्यावर मावत नव्हतो, म्हणून मी उतरलो. उतरताना ऐकलं, तो पोरीला विचारत होता, "कुठलं बटण?" आणि ती त्याला सांगत होती, "दाबून धरायचं पप्पा. मी म्हणंन तवा वरडा. पण पाय मोडायचं नको, न्हाई तर रोज तेच ऐकावं लागंल."

मी घरी आलो. मामा गाडीपाशी उभा होता, केसांना तेल लावून, हातात किल्ली.

"आबा, निघायला उशीर होतोय. पोरगी कुठाय?"

"कामात हाय," मी म्हणालो. "मका निघस्तवर राखणीला माणूस कमी हाय. तुमी चहा घ्या आन् निघा."

"आणि दाजी?"

"त्योबी कामात हाय."

डोंगराकडनं नवीन आवाज यायला लागला होता. कवायतीच्या मैदानावर घालावा तसा, न फाटलेला. मामा तिकडं बघत राहिला. मी त्याच्या हातातली किल्ली घेतली, डिकी उघडली, पोरीची बॅग काढली आणि आत नेऊन माझ्या खाटेखाली सारली.